राखेच्या कडेला शिवार : जावातील तेंगर गावांची जमीन, घर आणि वारसा

पूर्व जावातील न्गादिसारी या डोंगरी गावात शेतजमीन घ्यायची असेल, तर गाठीला पैसा असून भागत नाही. घेणारा गावचा असावा लागतो. बाहेरच्या माणसाला, मग तो शेजारच्या शहरातील हॉटेलमालक असो वा जकार्तातील गुंतवणूकदार, जमीन द्यायची नाही, असा गावाचा रिवाज आहे. कायद्याच्या पुस्तकात तो शोधून सापडणार नाही. तरीही ब्रोमो या जागृत ज्वालामुखीच्या ऐन काठावर वसलेल्या आणि दरवर्षी लाखो पर्यटकांची पावले पडणाऱ्या या गावाचे शिवार आजही प्रामुख्याने गावकऱ्यांच्याच हाती आहे. जावासारख्या दाट वस्तीच्या बेटावर, जिथे जमिनीच्या तुकड्या-तुकड्यासाठी झगडा चालतो, ही साधी गोष्ट नव्हे.

न्गादिसारी हे तेंगर जमातीच्या गावांपैकी एक. प्रोबोलिंगो, पासुरुआन, मलांग आणि लुमाजांग या चार जिल्ह्यांच्या सीमा जिथे एकमेकींना भिडतात, त्या उंच प्रदेशात ही गावे विखुरलेली आहेत. मधोमध एक प्रचंड ज्वालामुखी कुंड आहे. प्राचीन काळी मूळ पर्वताचे शिखर कोसळून ते तयार झाले. त्याच्या तळाशी काळसर राखेचे आणि वाळूचे विस्तीर्ण मैदान पसरले आहे. स्थानिक लोक त्याला 'वाळूचा समुद्र' म्हणतात. या मैदानातून २,३२९ मीटर उंचीचा ब्रोमो वर येतो आणि त्याच्या मुखातून बहुतेक काळ पांढरा धूर निघत असतो. दक्षिणेला सेमेरू हे जावातील सर्वांत उंच शिखर, ३,६७६ मीटरचे. तोही जागृतच. न्गादिसारीची चेमोरो लावांग ही वाडी कुंडाच्या अगदी कडेवर, सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. घराच्या मागच्या दाराने बाहेर पडावे, तर समोर कांद्याच्या पातीचे वाफे, त्यापलीकडे कडा आणि कड्याखाली धुमसणारा डोंगर.

करमाफीचा जुना लेख

ब्रोमो हे नाव 'ब्रह्मा' या शब्दाचे जावानी रूप आहे. तेंगर लोक हिंदू आहेत, एवढे भारतीय पर्यटकाला ठाऊक असते आणि ते ऐकून त्याला कौतुकही वाटते. मात्र बाली बेटावरील हिंदूंसारखी जातिव्यवस्था किंवा मोठी राजदरबारी परंपरा त्यांच्याकडे नाही. मजपहित साम्राज्य लयाला गेल्यावर डोंगरात आश्रय घेतलेल्या सरदारांचे हे वंशज, असे पर्यटनाच्या माहितीपत्रकांत हटकून लिहिलेले असते. अभ्यासक त्याबाबत सावध आहेत. १९७०च्या दशकाच्या अखेरीस या गावांत राहून संशोधन करणारे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट हेफ्नर यांनी तेंगर समाजाला पळून आलेला दरबार मानलेले नाही. ही शेतकऱ्यांचीच जुनी वस्ती असून तिने आपली शैव पुरोहित-परंपरा टिकवून धरली, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

त्याला दुजोरा देणारा पुरावा जमिनीशीच निगडित आहे. १८८० साली वोनोकित्री गावाच्या परिसरात धातूच्या पत्र्यावर कोरलेला एक लेख मिळाला. त्यावरील शके १३२७ म्हणजे इसवी सन १४०५. वालांदित येथील लोक पवित्र ब्रोमो पर्वताच्या पूजेला वाहिलेले आहेत, सबब त्यांच्याकडून विशिष्ट कर घेऊ नये, असा त्याचा आशय. मजपहितची सत्ता तेव्हा अद्याप उभी होती. म्हणजे साम्राज्य बुडण्याच्या आधीपासून या डोंगरात माणसे नांदत होती, आणि राज्यसत्तेशी त्यांचा व्यवहार ज्वालामुखीची सेवा व त्याबदली करातून सूट असा ठरलेला होता. आपल्याकडील देवस्थान इनामांची आठवण यावी, असा हा प्रकार आहे.

पुढे १८११ ते १८१६ या ब्रिटिश अमदानीत जावाचा कारभार पाहणारे स्टॅम्फर्ड रॅफल्स यांनी १८१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या जावाच्या इतिहासात तेंगर लोकांचे वर्णन केले आहे. जुगार, अफू, भांडणे यांपासून दूर राहणारे शांत लोक, असे चित्र त्यांनी रंगविले. परक्या अधिकाऱ्याच्या अशा कौतुकात थोडी अतिशयोक्ती गृहीत धरावी लागते. पण तेंगर समाज बराचसा समतेने वागणारा आहे, हे नंतरच्या अभ्यासकांनीही नोंदवले आहे. मैदानी जावानी भाषेत समोरच्याचा दर्जा पाहून शब्द बदलण्याची काटेकोर शिस्त आहे. तेंगर बोलीत हा डोलारा जवळजवळ नाही. तिथे 'मी' या शब्दासाठी पुरुषाने 'रेयांग' आणि बाईने 'इसून' म्हणायचे, हा भेद मात्र टिकून आहे.

राख देते, राख नेते

ज्वालामुखीजवळ माणसे राहतातच का, या प्रश्नाचे पाठ्यपुस्तकी उत्तर 'सुपीक माती' असे आहे. ते खरे आहे, पण अपुरे. ताज्या राखेत पीक उगवत नाही. स्फोटानंतर पडणारी राख आम्लयुक्त असते, पानांवर बसून ती सूर्यप्रकाश अडवते, आणि पाऊस पडला की ओली होऊन जड होते. कोवळी रोपे मोडतात, छपरे वाकतात, जनावरांचा चारा वाया जातो. वाळल्यावर तिचा घट्ट थर बनतो आणि पाणी आत मुरत नाही. या राखेचे रासायनिक विघटन होऊन पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम ही द्रव्ये मातीत उतरायला वर्षे जावी लागतात. त्यातून जी काळसर, भुसभुशीत, पाणी धरून ठेवणारी माती तयार होते तिला मृदाशास्त्रात 'अँडोसोल' म्हणतात. नांगर न लावताही कुदळ सहज आत जाते, एवढी ती हलकी असते.

तिच्यात एक खोडही आहे. या मातीतील अ‍ॅलोफेन नावाचे खनिज फॉस्फरस आपल्याकडे घट्ट बांधून ठेवते आणि पिकाला तो सहजी मिळू देत नाही. त्यामुळे 'सुपीक' म्हणून वाखाणलेल्या या शिवारातही बटाटा घ्यायचा तर शेतकऱ्याला भरपूर खत ओतावेच लागते. महाराष्ट्रातील काळी मातीही ज्वालामुखीचीच देणगी आहे. पण दख्खनच्या पठारावर लाव्हा पसरून सुमारे साडेसहा कोटी वर्षे लोटली. आपल्याला वारशाने मिळाला तो थंड झालेला ज्वालामुखी. तेंगर शेतकऱ्याच्या वाट्याला आलेला अजून हिशेब मिटवतो आहे.

हा हिशेब कसा असतो, ते २०१०च्या अखेरीस दिसले. २३ नोव्हेंबर २०१० रोजी ब्रोमोसाठीचा इशारा 'आवास' या सर्वोच्च पातळीवर नेण्यात आला आणि तीन दिवसांनी उद्रेक सुरू झाला. एका स्फोटाने तो थांबला नाही. २०११ उजाडले तरी डोंगर राख उडवतच होता. काही वेळा मलांगचा विमानतळ बंद ठेवावा लागला. पण बातम्यांत विमानतळ जेवढा आला, तेवढी सुकापुरा तालुक्यातील गावांची शेते आली नाहीत. वाऱ्याच्या दिशेला असलेल्या गावांत बटाटा, कोबी आणि कांद्याची पात राखेखाली गेली. त्याआधी ८ जून २००४ रोजी झालेल्या अकस्मात स्फोटात दोन जणांचा मृत्यू झाला होता. त्यानंतर २०१५-१६मध्येही ब्रोमो बराच काळ धुमसत राहिला.

स्फोट आणि मृत्यू यांचे समीकरण मात्र दर डोंगरागणिक बदलते. ब्रोमो राख उडवतो. सेमेरूच्या उतारावरून तप्त वायू आणि राखेचे लोट खाली धावतात. ४ डिसेंबर २०२१ रोजी अशा लोटांनी आणि चिखलाच्या पुराने लुमाजांग जिल्ह्यातील पायथ्याच्या गावांत ५०हून अधिक बळी घेतले, हजारो लोक बेघर झाले, आणि दोन भागांना जोडणारा ग्लादाक पेराक पूल वाहून गेला. अनेक कुटुंबांचे सरकारने दुसरीकडे पुनर्वसन केले. येथे मालमत्तेचा एक वेगळाच पेच उभा राहतो. घर नव्या जागी मिळते; शेत जुन्या जागीच राहते. त्यामुळे धोक्याच्या पट्ट्यात वस्ती करू नका, असे बजावल्यानंतरही दिवसा माणसे शेतावर जातच राहतात.

मका मागे, बटाटा पुढे

तेंगर लोकांचे मूळ अन्न भात नव्हे. एवढ्या उंचीवर आणि उतारावर भाताची खाचरे होत नाहीत. पांढरा मका हे पिढ्यान्‌पिढ्यांचे पीक. त्यापासून शिजवलेल्या घट्ट अन्नाला 'आरोन' म्हणतात. कापणीनंतर कणसे घरापुढील लाकडी मांडवावर, 'सिगिरान'वर, टांगून ठेवण्याची पद्धत आहे. उंचीवरील थंडीत मका पिकायला अनेक महिने लागत असल्याने वर्षातून एकच पीक निघे. भरलेला सिगिरान म्हणजे घरात वर्षाचे धान्य आहे, याची उघड साक्ष असे.

डच राजवटीत १८३०पासून सक्तीच्या लागवडीची पद्धत आली आणि मधल्या उतारांवर कॉफीचे मळे पसरले. अगदी वरच्या गावांत कॉफी जगत नसे. ती गावे खालच्या गोऱ्या वसाहतींना बटाटा, कोबी असा युरोपीय भाजीपाला पुरवू लागली. तोसारी येथे डचांनी थंड हवेचे आरोग्यधामही उभारले होते. बटाटा तेव्हापासून आहे, पण त्याने सगळे शिवार व्यापले ते १९७०नंतर, जेव्हा रस्ते झाले आणि रासायनिक खते व बुरशीनाशके दारापर्यंत पोहोचली. बटाटा तीन-चार महिन्यांत निघतो. मक्याच्या मानाने त्यातून हाती येणारी रोकड कितीतरी अधिक. मोटारसायकली, विटांची घरे, दूरचित्रवाणी संच हे सारे या पिकामागून डोंगरावर चढले.

त्याबरोबर कर्जही चढले. बियाणे, मैदानातून ट्रकने आणलेले कोंबडीखत, करप्यावरील फवारण्या यांसाठी आधी पैसा लागतो. बटाट्याचा भाव पडला किंवा जुलै-ऑगस्टच्या कोरड्या थंडीत दहिवर गोठून पाने जळाली, तर घातलेले भांडवल बुडते. या गोठलेल्या दहिवराला तिकडे 'एम्बुन उपास', म्हणजे विषारी दव, म्हणतात. विषुववृत्ताजवळच्या देशात हिमदव पडते, हे मैदानातल्या जावानी माणसालाही नवलाचे वाटते. भांडवल नसलेला शेतकरी 'मारो'ने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, शेत करतो किंवा आपली जमीन गहाण टाकतो.

गहाण जमिनीबाबत इंडोनेशियाच्या १९६०च्या कायद्यात एक विलक्षण तरतूद आहे. सावकाराने शेतजमीन सात वर्षे किंवा अधिक काळ वापरली असेल, तर कोणतीही परतफेड न मागता त्याने ती मालकाला परत करावी. सात वर्षांच्या पिकांतून त्याचे पैसे वसूल झाले, असे कायदा मानतो. कागदावर ही तरतूद शेतकऱ्याच्या बाजूची आहे. पण पुढच्या हंगामाला त्याच सावकाराकडे हात पसरायचे असतील, तर तिच्यावर बोट ठेवण्याची हिंमत किती जण करतील, हा वेगळा प्रश्न.

वाटणी बरोबरीची

तेंगर गावांत मुलगा आणि मुलगी यांना जमिनीत सारखा वाटा देण्याची रीत आहे. जावातील इस्लामी परंपरेत मुलाला मुलीच्या दुप्पट देण्याचा संकेत सांगितला जातो. तेंगर प्रदेशात तो मूळ धरू शकला नाही. आई-वडिलांच्या मृत्यूपर्यंत थांबायचीही गरज नसते. मुलाचे वा मुलीचे 'वालागारा' विधीने लग्न लागते, नवे जोडपे काही काळ कोणाच्या तरी आई-वडिलांकडे राहते, आणि वेगळी चूल मांडण्याच्या सुमारास त्याला वाट्यातील शेत मिळू लागते. उतारवयासाठी आई-वडील एक तुकडा स्वतःकडे ठेवतात. तो आणि घर बहुधा शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या अपत्याकडे जाते. ते अपत्य मुलगीही असू शकते.

आता हिशेब मांडून पाहावा. एका जोडप्याकडे दोन हेक्टर शेत आहे आणि त्याला चार मुले आहेत. प्रत्येकाला अर्धा हेक्टर येईल. पण मुलाची बायकोही तितकाच वाटा घेऊन येते, म्हणून नव्या घराकडे पुन्हा एक हेक्टर होते. बाई रिकाम्या हाताने येत नसल्यामुळे तुकडे पडण्याचा वेग निम्म्याने सावरला जातो. मात्र दोघांची शेते दोन टोकांना, कधी दोन गावांत असतात. चार मुलांऐवजी दोनच झाली तर जमीन टिकते, हे गणित शेतकऱ्यांना कळायला फार वेळ लागत नाही.

काडीमोड झाला तर काय? लग्नात आणलेले ते 'गावान'. ते ज्याचे त्याच्याकडे परत जाते. लग्नानंतर दोघांनी मिळून मिळवलेले ते 'गोनो-गिनी'. त्याची वाटणी होते. जावानी समाजाची ही जुनी विभागणी १९७४च्या विवाह कायद्यानेही मूलतः मान्य केली. परिणामी तेंगर स्त्रीच्या पायाखाली स्वतःची जमीन असते. शेतात ती नवऱ्याच्या बरोबरीने राबते आणि कोणते शेत मारोने द्यायचे, या बोलण्यात तिचा शब्द असतो.

शेताइतकेच महत्त्व चुलीला आहे. 'पावोन', म्हणजे स्वयंपाकघर, ही तेंगर घराची खरी बैठक. खांद्याभोवती सारोंग गुंडाळून आलेल्या पाहुण्याला बाहेरच्या खोलीत ताटकळत ठेवत नाहीत. सरळ चुलीपाशी नेऊन बसवतात आणि जेवायला घालतात. घर बांधताना शेजारी मजुरी न घेता राबतात. या परस्पर मदतीला 'सायान' म्हणतात. आज त्याच्याकडे केलेले काम उद्या आपल्याकडे फेडले जाते, आणि कोणाचे किती फेडायचे बाकी आहे हे घरोघरी पक्के लक्षात असते. मृतांच्या आत्म्यांना मुक्ती देणाऱ्या 'एंतास-एंतास' या विधीचा खर्च मोठा असतो. त्यालाही अशीच देवाणघेवाण हात देते. पूर्वी संपन्न शेतकऱ्याची प्रतिष्ठा त्याने किती मोठे जेवण घातले यावरून ठरे. बटाट्याच्या पैशाने प्रतिष्ठेची ही मोजपट्टी घर आणि वाहन यांच्याकडे कशी सरकली, याचा आलेख हेफ्नर यांच्या १९९०मधील ग्रंथात मिळतो.

कागद आणि रिवाज

ज्याच्या आधारावर जमीन गावात राहते, तो रिवाज कागदावर किती भक्कम आहे? इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा १९६०चा. पूर्ण मालकीहक्क, म्हणजे 'हक मिलिक', फक्त देशाच्या नागरिकालाच मिळेल, हे त्याने ठरवले. त्याच काळातील भूसुधारणा नियमांनी शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात राहणारा असावा, असेही बंधन घातले. म्हणजे गैरहजर जमीनदार नको, हा विचार सरकारी कायद्यातही आहे. अंमलबजावणी मात्र सैल राहिली, आणि तालुका हा गावापेक्षा पुष्कळ मोठा असतो. तेंगर रिवाज कायद्याच्या पुढे जाऊन रेघ गावाच्या वेशीवर ओढतो. काही गावांत जमीन बाहेरच्याला भाड्याने द्यायलाही मनाई आहे.

डोंगरातील बऱ्याच जमिनींचा दीर्घकाळ एकच दाखला होता : गावच्या कार्यालयातील 'लेटर सी' ही नोंदवही आणि तिच्या आधारे मिळणारा 'पेटोक'. हे मूलतः करवसुलीचे कागद. सारा कोण भरतो ते त्यांवरून कळते. मालक कोण, याचा तो निर्णायक पुरावा नव्हे. सातबारा उताऱ्याबद्दल आपल्याकडेही वकील नेमके हेच बजावून सांगतात. पण ही वही गावातच असल्याने खरेदी-विक्री, वाटणी, बक्षीस यांतील प्रत्येक फेरफार गावप्रमुखाच्या, म्हणजे 'पेतिंगी'च्या, नजरेखालून जाई. बाहेरचा माणूस घ्यायला आला, तर त्याला सही मिळत नसे. रिवाजाचे बळ या एका सहीत होते.

२०१७पासून जोको विडोडो सरकारने देशभर जमिनीची सरसकट नोंदणी करून मालकीची प्रमाणपत्रे वाटण्याची मोहीम जोरात राबवली. शेतकऱ्याला त्याचा लाभ उघड आहे. प्रमाणपत्र ठेवून बँकेचे कर्ज मिळते, सावकाराची गरज कमी होते, आणि सीमेच्या वादात हाती ठोस कागद असतो. पण तारण ठेवलेली जमीन कर्ज थकल्यावर लिलावात जाऊ शकते, आणि बोली लावणाऱ्याने कोणत्या गावात जन्म घ्यावा हे लिलाव करणारे विचारत नाहीत. गावच्या नातेवाइकाच्या नावावर शहरातल्या माणसाने पैसा गुंतवणे हा दुसरा चोरदरवाजा. २०१४च्या ग्राम कायद्याने परंपरागत गावांना स्वतंत्र मान्यता देण्याची सोय केली आहे. तिचा आधार घेतला तरच रिवाजाला कायद्याची धार येईल. तोवर त्याचे पालन शेजाऱ्यांच्या धाकावर अवलंबून आहे, आणि आजवर तरी हा धाक पुरला.

उद्यानाच्या पोटातील दोन गावे

तेंगर शेतकऱ्याचा सर्वांत मोठा शेजारी ज्वालामुखी नसून सरकार आहे. १८७०च्या सुमारास डच सत्तेने असे जाहीर केले की, ज्या जमिनीवर कोणी मालकी सिद्ध करू शकत नाही ती सरकारची. डोंगरातील रानांवर कागद कोणाकडे असणार? कुऱ्हाड चालवण्याचा, गवत कापण्याचा, पडीक शेत पुन्हा उघडण्याचा वापर मागे पडला आणि जंगलखात्याचे खांब उभे राहिले. १९८२मध्ये ५० हजार हेक्टरहून अधिक क्षेत्रावर ब्रोमो तेंगर सेमेरू राष्ट्रीय उद्यानाची घोषणा झाली. मलांग जिल्ह्यातील न्गादास आणि लुमाजांगमधील रानू पानी ही दोन गावे चारही बाजूंनी उद्यानाने वेढली गेली. त्यांचे शिवार एका वीतभरही वाढू शकत नाही. २०१३मध्ये घटनात्मक न्यायालयाने परंपरागत समाजांची वने ही सरकारी वने नव्हेत, असा निवाडा दिला; पण त्याचा लाभ मिळवण्यासाठी आधी समाजाची आणि त्याच्या वनाची अधिकृत नोंद व्हावी लागते.

न वाढणाऱ्या शिवारात तीन पिके काढायची तर कडेचे चेमारा वृक्ष तोडून वाफे उतारावर आणखी वर न्यावे लागतात. हा सुरूच्या जातीचा वृक्ष पूर्वी बांधावर मुद्दाम राखला जाई. तो मालकीची खूण असे, सरपण देई आणि माती धरून ठेवी. बटाट्याच्या मुळांशी पाणी साचू नये म्हणून अनेक ठिकाणी सऱ्या उताराच्या आडव्या न काढता उभ्या काढतात. पाणी निचरून जाते आणि मातीही त्याबरोबर जाते. रानू पानीचे तळे त्याची पावती आहे. भोवतालच्या शेतांतून आलेल्या गाळाने ते उथळ होत गेले आणि एकेकाळी साल्व्हिनिया या पाणवनस्पतीने ते जवळपास झाकून टाकले होते. उद्यानाचे अधिकारी शेतकऱ्यांकडे बोट दाखवतात. शेतकरी हद्दीच्या खांबांकडे दाखवतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

सप्टेंबर २०२४मध्ये लुमाजांगमधील आर्गोसारी परिसरात, उद्यानाच्या हद्दीत आडबाजूच्या उतारांवर गांजाचे अनेक वाफे सापडले आणि काही स्थानिक शेतकऱ्यांवर खटले झाले. त्याआधी वर्षभर, सप्टेंबर २०२३मध्ये, लग्नापूर्वीच्या छायाचित्रणासाठी पेटवलेल्या धुराच्या नळकांडीने कुंडातील गवताळ मैदानाला आग लागली. सुमारे ५०० हेक्टर क्षेत्र जळाले. काही गावांना पाणी आणणाऱ्या नळवाहिन्याही त्यात गेल्या. हौस शहरातून आली होती आणि हंडे घेऊन फिरायची वेळ गावावर आली.

जीप, घोडे आणि भाड्याच्या खोल्या

तरीही पर्यटन नको, असे न्गादिसारीत कोणी म्हणणार नाही. पहाटे तीनला उठून सूर्योदयासाठी पर्यटकांना वर नेणाऱ्या जुन्या जीप, वाळूच्या समुद्रावरील घोडे, घरात काढलेल्या भाड्याच्या खोल्या यांतून येणारा पैसा बटाट्याच्या भावावर अवलंबून नसतो. सकाळी नऊला जीप परतली की चालक शेतावर जायला मोकळा. जमीन विकायची नाही, या रिवाजाचा खरा मोबदला इथे मिळतो. जमीन स्वतःची म्हणून खोली स्वतःची, आणि खोली स्वतःची म्हणून भाडे गावात. शेताचा तुकडा लहान झालेल्या कुटुंबांना घोडा आणि जीप तारतात. २०१६मध्ये सरकारने 'नवी बाली' म्हणून विकसित करायच्या दहा ठिकाणांत या प्रदेशाचा समावेश केला. मूळ बालीत काय झाले, किनाऱ्यालगतची भातखाचरे कशी हॉटेलांखाली गेली, हे तेंगर लोकांना ठाऊक आहे. बाली काही तासांच्याच अंतरावर आहे आणि १९७०च्या दशकापासून तेथील हिंदू संस्थांशी त्यांचा धार्मिक संबंधही जुळलेला आहे.

ज्वालामुखी मधूनमधून या धंद्यालाही वेसण घालतो. इशाऱ्याची पातळी वाढली की मुखापासून ठरावीक अंतराच्या आत प्रवेश बंद होतो, जीप उभ्या राहतात. त्याच वेळी राख शेतावर पडत असते. दोन उत्पन्ने असल्याचा आधार अशा महिन्यांत एकदमच निसटतो.

डोंगराचा वाटा

तेंगर पंचांगातील कसादा या बाराव्या महिन्यात, पौर्णिमेच्या सुमारास, चारही जिल्ह्यांतील गावकरी रात्री वाळूचा समुद्र ओलांडून ब्रोमोच्या पायथ्याच्या मंदिरात जमतात. यामागची कथा अशी : रोरो आंतेंग आणि जोको सेगेर या निपुत्रिक जोडप्याने डोंगराकडे मूल मागितले आणि शेवटचे अपत्य परत देण्याचे कबूल केले. पंचवीस मुले झाली. वचन मोडू पाहताच डोंगर खवळला आणि धाकटा कुसुमा ज्वालामुखीत गेला. जाताना त्याने भावंडांना दरवर्षी शेतातील पिकाचा वाटा आणून देण्यास सांगितले. आई-बापांच्या नावांची शेवटची अक्षरे जोडून 'तेंगर' झाले, असे लोक सांगतात.

त्या रात्री नवे 'दुकुन', म्हणजे पुरोहित, होऊ इच्छिणाऱ्यांची जुन्या दुकुनांसमोर मंत्रांची परीक्षा होते. मग पहाटेपूर्वी लोक पायऱ्या चढून मुखाच्या काठावर जातात आणि बटाटे, कोबी, कांद्याच्या पातीच्या जुड्या, कोंबड्या, कधी बकरी, कधी नोटा खाली सोडतात. आतल्या घसरड्या उतारावर काही माणसे आधीच उतरून थांबलेली असतात. त्यांच्या हातांत काठीला बांधलेली जाळी असते. वरून येणारे डोंगराच्या तोंडी पडण्याआधी ते झेलतात आणि उजाडल्यावर पोती भरून घरी नेतात. देणारे त्यांना अडवत नाहीत. आपण दिले, एवढ्यावर त्यांचे काम संपलेले असते. दिवस वर आला की ट्रक भरून माणसे गावोगाव परततात, कारण बटाट्याच्या फवारणीचा खाडा करून चालत नाही.